पोकळ डोक्याचे चार मंगळवार

मला गप्प बसायला सांगून कुणाचं कधी भलं झालेलं नाही. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी त्या कामासाठी मलाच निवडलं. म्हणाले, "ताई, यंत्र तुमच्याइतकं स्थिर कुणी धरत नाही. फक्त तोंडाला कुलूप लावा, बाकी काही मागत नाही मी."

आमच्या फिजिओथेरपी विभागात मी एकवीस वर्षं आहे. सगळे मला रेडिओ म्हणतात. समोरासमोर ताई, पाठ फिरली की रेडिओ. मला राग नाही त्याचा. दुखणारं माणूस टेबलावर पालथं पडलेलं असताना काय भिंतीकडे बघत उभं राहायचं? दोन शब्द बोललं तर काय जीभ झिजते?

पण हे काम वेगळं होतं. आमच्याकडे शॉकवेव्हचं यंत्र आहे. नाव ऐकलं की माणसं हात मागे घेतात, त्यांना वाटतं करंट देणार. करंटचा काही संबंध नाही हो. पिस्तुलासारखी मूठ असते, तिच्यात हवेच्या दाबानं एक छोटी लोखंडी गोळी पुढेमागे धावते आणि तोंडाशी बसवलेल्या डोक्यावर आपटते. ठक ठक ठक ठक, दोन हजार वेळा. त्या धक्क्याची लहर कातडीतून आत जाते. स्नायू हाडाला जिथे दोरीसारखा बांधलेला असतो, त्या दोरीला कंडरा म्हणतात. एकच काम वर्षानुवर्षं करून ती झिजते, आणि मग शरीरसुद्धा तिचा नाद सोडतं. धक्के दिले की शरीर पुन्हा तिकडे लक्ष देतं आणि दुरुस्तीला लागतं, असं डॉक्टर सांगतात. कुणाचं दुखणं जातं, कुणाचं जात नाही. जातं ते यंत्रानं जातं की आपसूकच, हे डॉक्टरांना एकदा नीट बघायचं होतं. फक्त कोपराचे रुग्ण घ्यायचे, एकशे वीस, दोन वर्षांत.

त्यासाठी दोन डोकी आणली होती. दिसायला सारखी, वजन सारखं, आवाजही तोच. एकातून लहर आत जायची. दुसऱ्यात मधे जाड रबर होतं, लहर तिथेच मरायची आणि कातडीला नुसती टिचकी लागायची. ओळखायची खूण एकच, कडेच्या पट्टीखाली खऱ्याला एक ठिपका आणि पोकळाला दोन. कुणाला कुठलं लावायचं ते बंद पाकिटात असायचं. पाकीट फक्त मी उघडायचं. रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. रुग्णांनी आधीच सही केलेली असायची, की निम्म्यांना पोकळ मिळेल हे मान्य आहे, सगळं संपलं की कुठलं मिळालं ते कळवलं जाईल, आणि हवं असल्यास खरं दिलं जाईल. सगळं रीतसर, चोख. मी डॉक्टरांना म्हटलं, एक पोकळ डोकं माझ्या घरी आहेच, तेव्हा मला सवय आहे. डॉक्टर हसले नाहीत. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं, तोही हसला नाही.

मग त्यांनी मला एक छापील कागद दिला. त्यावर अकरा वाक्यं. या. बसा. बाही वर करा. जेल थंड लागेल. शून्य ते दहा या मोजमापात दुखणं किती? अशी. याखेरीज बोलायचं नाही. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, उत्तर ऐकून चेहरा बदलू नये. वाचून माझं डोकंच फिरलं. पण मी हो म्हटलं, आणि का म्हटलं तेही सांगते.

माझे वडील लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचे. कपाटं, पियानो, काय म्हणाल ते पाठीवर. खांदा गेला. मग सुई घेतली, पट्टा बांधला, तेल लावलं, शेक दिला, महिनाभर हात गळ्यात अडकवला. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा, यानंच बरं होणार. बारा वर्षं ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरले. शेवटी मला म्हणाले, अगं, यातल्या एकालाही खरंच माहीत असतं का काही? त्या माणसांचा मला अजून राग आहे. कुणीतरी एकदा धड मोजून बघायला हवं होतं. डॉक्टर तेच करत होते, म्हणून मी जिभेला आवर घालायला तयार झाले.

पहिले सात-आठ महिने निभावलं, असं मला वाटत होतं.

मग एका मंगळवारी इस्त्रीवाली आली. चाळिशीची असेल. बारीक चणीची, पण हात बघत राहावेत असे. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत ती एकोणीस वर्षं शर्टांना इस्त्री करत होती. उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूनं इतकं दुखायचं की चहाचा कप उचलता येत नव्हता, मग वाफेची इस्त्री कुठून उचलणार? त्या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. तिनं ते नाव ऐकलं आणि म्हणाली, "मी आयुष्यात चेंडूसुद्धा फेकलेला नाही हो." मला हसू फुटलं. कागदावर हसण्याबद्दल काही नव्हतं, हसले.

"शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" मी विचारलं.

"आठ," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही आठच लिहिणार ना?"

"म्हणजे?"

"नाही, आमचा मुकादम म्हणतो, नाटकं करते. एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही. मग तर काय, त्याला फावलंच. सगळ्यांसमोर मला नाटकी म्हणतो. बाकीच्याही आता तेच म्हणतात." तिचा आवाज चिरका झाला होता. "मला घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय. तीन महिन्यांत इस्त्री धरली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी आणतो म्हणालाय. घरी आई आहे, ती अंथरुणावर आहे. पण ते जाऊ द्या. मी एकोणीस वर्षांत एक खाडा केलेला नाही ताई, आणि मला नाटकी म्हणतात."

मी आठ लिहिलं. तिनं वाकून ते बघितलं, तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला. पडद्याआड जाऊन मी पाकीट उघडलं. दोन ठिपके.

याआधीही दोन ठिपके निघाले होते, दर दुसऱ्या माणसाला निघायचे. पण या बाईला? नेमकं हिलाच? दोन्ही डोकी ट्रेमध्ये शेजारीशेजारी पडली होती. एकाऐवजी दुसरं फिरवून बसवायला किती वेळ लागतो? चार सेकंद. कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. माझा हात एका ठिपक्याच्या डोक्यावर गेलाही होता. पण वडिलांचा तो प्रश्न आठवला, आणि वाटलं, आज हिची दया आली म्हणून बदललं, तर उद्या दुसऱ्या कुणाची येईल. मग ते डॉक्टरही त्या बारा वर्षांतल्या लोकांसारखेच, छातीठोक आणि आंधळे. मी दोन ठिपक्यांचं डोकं बसवलं आणि बाहेर आले. तिच्या कोपरावर जेल लावलं. ठक ठक सुरू झालं.

ती डोळे मिटून, दात आवळून बसली होती. पोकळ टिचक्यांसाठी! मला ते बघवेना. आणि मग माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचे शर्ट बघितलेत तर तुम्ही रडाल. कॉलर अशी करून घालतो जशी काही गाय चघळून गेली." तिनं डोळे उघडले. म्हणाली, "कॉलर टोकाकडून मधे आणायची असते ताई. लोक मधून टोकाकडे जातात, म्हणून तिथे चुणी पडते." आणि मग आम्ही बोलतच बसलो. धक्के संपले तरी बोलत होतो. जेल पुसलं तरी बोलत होतो.

पुढचे तीन मंगळवार तसेच गेले. ती मुकादमाची नक्कल करायची, मी आमच्या मेट्रनची. आईला आंघोळ घालताना एका हातानं कसं करते ते तिनं सांगितलं. माझ्या मुलीनं माझ्याशी बोलणं टाकलंय, हे मी विभागात एकवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. आणि एक गोष्ट मी दर वेळी म्हणायचे, "तुमचं दुखणं खरं आहे, हात लावल्या लावल्या कळतं मला." ते मात्र शंभर टक्के खरं होतं. तिच्या कोपरावर बोट ठेवलं की अख्खा हात मागे जायचा. असं नाटक करता येत नाही.

आठ, आठ, सहा, पाच. आठ आठवड्यांनी तपासणीला आली तेव्हा तीन. "तीन!" म्हणाली आणि तिनं उजव्या हातानं खुर्ची उचलून दाखवली. मुदत संपायच्या आधीच्या सोमवारी ती पुन्हा इस्त्रीला उभी राहिली होती. तिनं मला मिठी मारली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. हिला काहीच दिलेलं नाही, आणि ही माझे आभार मानतेय! पण आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? रात्री नवऱ्याला म्हटलं, रेडिओनं एक बाई बरी केली.

दोन वर्षं संपली. एके दिवशी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर सगळ्यांच्या फाइली आणि तक्ते पसरले होते.

"ताई, दोन्ही गटांचा आकडा जवळपास सारखा आलाय," ते म्हणाले. "म्हणजे यंत्र निरुपयोगी, असंच मी लिहिणार होतो. मग मी वेळा बघितल्या." त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. रुग्ण आत कधी आला, बाहेर कधी गेला, हे मीच माझ्या हातानं लिहायचे, अगदी मिनिटासकट. "एक ठिपका, सरासरी नऊ मिनिटं. दोन ठिपके, तेवीस. तेवीस मिनिटं तुम्ही काय करत होतात?"

मी कागद बघतच राहिले. मला वाटत होतं, मी एकटीशीच बोलले. पण तसं नव्हतं. त्या बाईच्या आधी जे आले त्यांच्याशी थोडं, तिच्यानंतर आलेल्यांशी सर्रास. ज्यांना खरं मिळत होतं त्यांच्याशी मी कागदातली अकरा वाक्यं बोलून मोकळी व्हायचे. त्यांना काय, यंत्र होतं. आणि ज्यांना काही मिळत नव्हतं त्यांना मी स्वतः काहीतरी देत बसले होते. मला पत्तासुद्धा नव्हता.

"बोलत होते," मी म्हटलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. ते नुसते डोळे चोळत बसले. म्हणाले, "आता यंत्रानं होतं की नाही, मला कधीच कळणार नाही. यातला एकही आकडा वापरता येणार नाही." मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि दोन ठिपक्यांच्या सगळ्या नोंदींवर रेघ मारली. मी समोर उभी होते. वडिलांचा प्रश्न घेऊन मी या कामात शिरले, आणि उत्तराची वाट मीच लावली. लाजेनं मला वर बघवेना.

पण मी एवढं विचारलंच, "पत्रं जाणार का सगळ्यांना?"

"जाणारच. तसं लिहून दिलंय आपण."

"त्या लाँड्रीतल्या बाईला नका पाठवू. ती बरी आहे हो, वर्षभर काम करतेय. मी पाया पडते तुमच्या."

"तिचा हक्क आहे तो, ताई," डॉक्टर म्हणाले. "आणि तिला आपण फसवत राहायचं, असं तुम्हाला म्हणायचंय का?"

पत्रं गेली. आपणास निष्क्रिय उपचार देण्यात आला होता, असं त्यात वाक्य होतं. निष्क्रिय! शब्द बघा.

दहा दिवसांनी ती दारात उभी राहिली. मंगळवार नव्हता, वेळ घेतलेली नव्हती. उजवा हात डाव्या हातात धरला होता. तिला बघितल्याबरोबर मला सगळं कळलं.

"सोमवारी पत्र आलं," ती म्हणाली. "चारदा वाचलं. बुधवारी इस्त्री जड लागायला लागली. शनिवारी हातातून सुटली. शर्ट जळला. मुकादम म्हणाला, झालं का परत सुरू?" ती बसली नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी दात आवळून बसायचे, ते तुम्ही बघत होता."

माझा धीर सुटला. काहीतरी चांगलं बोलावं, तिला बरं वाटावं, एवढंच माझ्या मनात होतं. आयुष्यभर मी हेच करत आलेय. म्हटलं, "अगं, पण तुला बरं वाटलं होतं ना? मी बोलत होते तुझ्याशी. माझ्या बोलण्यानंच बरं वाटलं असेल तुला."

तिचा चेहरा एकदम उतरला. इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "म्हणजे दुखतच नव्हतं. गप्पा मारल्या की जातं, ते काय दुखणं? मुकादम बरोबरच बोलत होता."

"नाही! तसं नाही म्हटलं मी!"

"तसंच म्हटलंत."

खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या जिभेची किळस आली. डॉक्टरांनी समजावलं असतं, की दुखणं कमी होण्याचे हजार रस्ते असतात, काळजी घटली, झोप लागली, हाताला विसावा मिळाला की तेही खरंच कमी होतं, त्यात खोटं काही नाही. ते हे सगळं नंतर तिला म्हणालेही. पण पहिलं वाक्य माझं होतं, आणि तेच तिच्या कानात बसलं.

मुकादमानं तिला पुन्हा घड्यांच्या टेबलावर बसवलं. या वेळी बारा आठवडे दिले, शेवटचे, सगळ्यांसमोर. तिनं खरा उपचार मागितला. मागायलाच हवा होता, सही केलेली होती. डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाकडे देऊ का म्हणून विचारलं तर म्हणाली, नको, यांचाच हात स्थिर आहे.

मंगळवारी ती टेबलाशी बसली, बाही वर केली आणि मी मूठ उचलायच्या आत म्हणाली, "एक सांगते. आज बोलायचं नाही. अजिबात नाही. नुसत्या यंत्रानं काय होतं ते मला बघायचंय."

मी मान हलवली. एका ठिपक्याचं डोकं तिच्यासमोर बसवलं, पट्टी वर करून तिला ठिपका दाखवला. जेल लावलं. पहिला धक्का बसला आणि ती ओरडली, "आई गं!" डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याकडे बघितलं तिनं. हे असं असतं होय, असं त्या बघण्यात होतं. मी दाब कमी केला. ती म्हणाली, "कमी नका करू." मग दोन हजार धक्के ती छताकडे बघत बसली. मी यंत्राकडे. मिनिटं मोजली, नऊ झाली.

आठ, आठ, आठ. तिसऱ्या मंगळवारीही तिनं आठच सांगितलं. कितीदा ओठांवर आलं, की असंच असतं, आठवडे लागतात, धीर धर. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर एवढं नक्की बोलली असती. मी जीभ दातांखाली धरली. घरी गेल्यावर मी कुणाशीच बोलले नाही. नवऱ्यानं मला ताप आहे का बघायला कपाळाला हात लावला. चौथ्या मंगळवारी सात. मग आठ आठवडे काही नाही. खरं डोकंही काम लगेच करत नाही, आत कंडरा सावकाश भरते. आठ आठवडे मी रोज दाराकडे बघत होते. ज्या आठवड्यात मुकादमाची मुदत संपत होती, त्याच आठवड्यात तिची तपासणी होती.

ती वेळेवर आली. बसली. बाही वर केली. मी कोपरावर बोट ठेवलं. हात जागचा हलला नाही.

"शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

"तीन," ती म्हणाली. "गेल्या सोमवारपासून इस्त्रीला उभी आहे. काल एकशे दहा शर्ट केले. मुकादम बाजूनं गेला, पण काही बोलला नाही."

मला तिला मिठी मारायची होती. मी फाइलमध्ये तीन लिहिलं. तिनं पूर्वीसारखं वाकून बघितलं, आणि मग आधीची पानं उलटायला लागली. मी थांबवायच्या आत तिला ते पान सापडलं. आठ, आठ, सहा, पाच, तीन. त्या सगळ्यावर लाल रेघ.

"हे का खोडलं?"

बोलू की नको, कळेना मला. "बोला," ती म्हणाली.

"माझ्यामुळे. मी बोलत बसले, म्हणून ते मोजण्यात धरता येत नाही."

"मोजण्यात धरू नका. पण खोडायचं कशाला?" तिचा आवाज चढला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिला चिडलेली बघितली. "बोललात ती चूक तुमची. पोकळ डोकं लावलंत तो नियम तुमचा. दुखणं माझं होतं ताई, आणि कमी झालं तेही माझंच. तेव्हा मी तीन म्हटलं, ते तीनच होतं. आज म्हणते तितकंच तेही खरं. मी तेव्हाही खोटं बोलले नव्हते, आणि पत्र आल्यावर इस्त्री हातातून पडली तेव्हाही नव्हते. लिहा परत."

डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. लाल रेघेच्या वर, समासात, निळ्या पेननं मी पुन्हा लिहिलं, आठ, आठ, सहा, पाच, तीन. तिनं ते एकेक करून वाचलं, मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली सही केली. त्याच उजव्या हातानं, पेन दाबून, सावकाश. सही संपल्यावर तिनं बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं, आणि उभी राहिली.

"आता मला नाटकी म्हणायचं नाही कुणी," ती म्हणाली. "तुम्हीपण नाही."

मी कधी म्हटलं गं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं होतं मी. मुकादमानं जे ओरडून सांगितलं तेच मी गोड बोलून सांगितलं होतं, आणि तिनं माझं खरं मानलं होतं, कारण मी तिची मैत्रीण होते.

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि गेली. पुन्हा यायचं तिला काही कारण उरलं नव्हतं.